चावडीचं दार

परक्या फौजेने आमचं नगर जिंकलं आणि सेनापतीने आमच्यासाठी राज्यघटना लिहून आणली. चावडीत ती वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याच रिवाजाने विचारतो. नापसंत असेल त्याने उठून बाहेर जावं."

दारात बंदूकवाले उभे होते. कोणी हललं नाही.

"एकमताने मंजूर," सेनापती म्हणाला.

म्हातारी रेवाक्का कोष्टीण बसल्या जागेवरून म्हणाली, "सरकार, कोंडवाड्यातली गुरंही एकमतानेच आत उभी असतात. दार मोकळं करा, मग मोजा."

सेनापती वरमला, पण शिक्का उमटलाच.

पुढे फौज गेली. घटना वाईट नव्हती, म्हणून आम्ही तीच चालवली. रेवाक्का दरवर्षी म्हणायची, "दार आता उघडं आहे रे, कधी विचारताय?"

ती गेली. आम्ही अजून विचारायला बसलो नाही.