परतीच्या धोंड्यावरची पावलं

करंबोळे गावच्या बायकांनी नदीकाठच्या वाटेने परतीच्या धोंड्यापर्यंतच जायचं, धोंड्याला हात लावायचा आणि मागे वळायचं. का, ते विचारायचं नाही. ऋजुताला हे आजीने सांगितलं होतं, आजीला तिच्या सासूने.

वाट तशी सोपी. घाटाच्या पायऱ्यांपासून निघायचं, डाव्या हाताला शेळवी नदी, उजवीकडे करंजाची झाडं, पाऊण तासात वरचा डोह. धोंडा नेमका मध्यावर. पाहुण्यांना या वाटेने हिंडवायला पंचायतीला माणूस हवं होतं, म्हणून भूगोल शिकून आलेल्या ऋजुताने अर्ज केला. पण अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारं माणूस या कामाला कोण ठेवणार? आज तिची पहिली फेरी होती. साताऱ्याचे सहा पाहुणे, आणि त्यांना धोंड्यापुढे न्यायला तिचे चुलतआजोबा धाकूतात्या. आजच्यासारखं रोज झालं तर काम हातचं जाणार, हे तिला दिसत होतं.

धोंड्याशी बायोआत्या शेंदराची वाटी घेऊन आधीच बसली होती. यंदाच्या पावसात धोंड्याने शेंदराचं जुनं कवच सोडलं होतं. आत्याने ते डोळे मिटून नदीत सोडलं. आज नवा लेप द्यायचा होता.

तात्यांनी टोपी सारखी केली आणि सांगायला सुरुवात केली. फार पूर्वी इथे एका होडीवाल्याची बायको होती, गोजरा. एका श्रावणात शेळवी फुगली. नवरा वरच्या डोहात होडीसकट अडकला आणि इकडे पाणी गावात शिरू लागलं. गोजरा त्याला आणायला अनवाणी निघाली. या धोंड्यावर पाऊल ठेवलं तेव्हा नदी बोलली म्हणे, की तू वळलीस तर मीही वळेन. गोजराने डोहाकडे एकदा पाहिलं, गावाकडे एकदा पाहिलं, आणि वळली. पाणी तिच्या मागोमाग ओसरलं. नवरा गेला, गाव राहिलं, असं सांगतात. तेव्हापासून गावची बाई इथून पुढे गेली तर नदी पुन्हा गावात येईल म्हणतात. गोजराची पावलं धोंड्यात उमटली ती कायमची.

पाहुण्यांतल्या एक बाई वाकून बघत होत्या. "पण बोटं तर डोहाकडे आहेत," त्या म्हणाल्या.

सगळेच वाकले. टाचा गावाकडे, दहाच्या दहा बोटं डोहाकडे.

"उलटी चालत परतली ती," तात्या म्हणाले. "नदीला पाठ दाखवायची नव्हती."

"उलटी कुठली?" आत्या म्हणाली. "माझी सासू सांगायची, पुरात धोंडाच फिरला."

"एवढा धोंडा? तुझ्या सासूनेच फिरवला असेल, तेवढी होतीच ती."

"मग तुम्ही एवढी वर्षं पाहुण्यांना काय सांगत होतात?"

"शेंदराखाली मला काय दिसणार होतं?"

ऋजुताला हसू येईना आणि रागही धड येईना. बाविसाव्या वर्षापर्यंत ती इथून वळत आली होती. कुणाच्या मागे वळत होतो आपण? गोजरा पुढे गेली असेल, तर पाणी ओसरलं कशाने? आणि गोष्टीत तिला मागे वळवलं कुणी?

"तात्या, ती वळली हे पाहिलं कुणी?"

"विचारायचं नाही, सांगितलंय ना तुला," तात्या म्हणाले, पण त्यांची नजर बोटांवरून हलत नव्हती.

आत्याने वाटी पुढे केली. "लाव शेंदूर आणि वळ पोरी. पाहुणे खोळंबलेत."

ऋजुताने वाटी घेतली आणि खाली ठेवली. चपला काढून तिने दोन्ही पायांनी त्या पावलांत उभं राहून पाहिलं. समोर डोहाकडे जाणारी वाट होती.

"शेंदूर लावणार नाही, आत्या. आणि वळणारही नाही. चला, पाहुण्यांना मी नेते."

तात्यांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने नदीकडे. नदी होती तशीच होती. ऋजुता पाहुण्यांना घेऊन धोंड्याच्या पुढे निघाली.

आजही धोंड्यावर शेंदूर नाही. गोजरा वळली की पुढे गेली, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं, की करंबोळ्याची म्हातारी माणसं त्याला धोंड्यावरची पावलं दाखवतात.