खोक्याचं तोंड

“तेवढं सांगा मास्तर, मागून बंद असलेला घेऊ की उघडा?”

इनास मास्तर फळीवर रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय?”

“कॅबिनेट. गिटारचं.”

“स्पीकरचा खोका म्हण की. मला खोकाच कळतो.”

ग्लेन तुस्कानोनं सुस्कारा सोडला. वसईच्या त्या पट्ट्यात लग्नांत वाजवणाऱ्या निम्म्या बँडचे खोके या म्हाताऱ्यानं ठोकले होते, आणि अजून त्याला कॅबिनेट म्हणायची लाज वाटत होती. ग्लेनचं तसं नव्हतं. तो जेवताना, दात घासताना, चर्चमध्ये मिसाला जायच्या आधी आणि नंतर मोबाइलवर याच विषयाचे व्हिडिओ पाहायचा. आता त्याला इतकं कळत होतं की काही म्हणता काही ठरवता येत नव्हतं.

“बंद खोक्याचा खर्ज आवळून येतो,” तो म्हणाला. “उघड्याचा आवाज मागूनही सुटतो, खोलीभर पसरतो. बरोबर?”

“बरोबर.”

“एकच बारा इंची स्पीकर घेतला तर आवाज एका जागेवरून येतो. चार घेतले तर छातीवर येतो.”

“उचलताना तर नक्कीच येतो.”

“थट्टा नको ना मास्तर. प्लाय घेऊ की पाईन? चिप बोर्ड आपल्या दमट हवेत फुगतो म्हणतात.”

“फुगतो.”

“आणि नवा स्पीकर ताठ असतो. वाजून वाजून मोकळा होतो.”

“होतो.”

“मग आवाज नक्की कशानं बदलतो?”

“सगळ्यानंच.”

...

या माणसाचा ग्लेनला भयंकर राग यायचा आणि त्याच्यावाचून करमायचंही नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला याच हातांनी धरलं होतं. गिटारची पहिली तार तोडली तीही याच अंगणात, आणि ओरडा बसला नव्हता.

मास्तरांनी डब्यातून एक सुकेळं काढून त्याच्यापुढे धरलं. उन्हात वाळवलेलं राजेळी केळं, बोटांना चिकटणारं. ग्लेन लहानपणी भोकाड पसरायचा तेव्हा ते असंच त्याच्या तोंडात कोंबायचे.

“खा. आणि आता खरं सांग. घाई कसली आहे?”

ग्लेननं ते हातातच धरलं.

“पप्पांनी व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलं.”

रंधा थांबला.

पास्कोल तुस्कानो पस्तीस वर्षं लग्नांत व्हायोलिन वाजवत होता. नवरी घराचा उंबरा ओलांडायची तेव्हा तो असं काही वाजवायचा की बायकांचं सोडा, वाढपीसुद्धा हातातलं ताट खाली ठेवून डोळे पुसायचे. ग्लेन बँडमध्ये आला तो नाव काढायला नव्हे. त्याला या बापाच्या शेजारी वाजवायचं होतं, एवढंच.

“रविवारी पापडी गावात लग्न आहे,” ग्लेन म्हणाला. “पप्पा म्हणाले, तू दुसरा कोणी बघ. म्हणाले, मला माझंच ऐकू येत नाही, वर कान दुखतात. मास्तर... त्यांच्याशिवाय मला नाही वाजवायचं. मला जमायचंही नाही.”

“मग?”

“मग काय, कॅबिनेट बदलायचं. हे तिसरं आहे. याच्यात काहीतरी कमी आहे. आवाज मऊ पडतो, म्हणून मला ट्रेबल वाढवून धार आणावी लागते. नाहीतर मग...” त्यानं आवाज खाली आणला. “पप्पांचे कान गेले असतील. सत्तरी आली.”

“कान गेलेला माणूस कान दुखतात म्हणत नाही.”

...

मास्तरांनी पायाजवळचा भुसा तळव्यानं सारखा केला.

“काढून दाखव. स्टेजवर कोण कुठं?”

ग्लेननं बोटानं रेघोट्या मारल्या. मागे ड्रम. ड्रमच्या बाजूला खोका, खाली स्टेजच्या फळ्यांवर ठेवलेला. खोक्याला लागून ग्लेन. आणि पुढे, खोक्याच्या अगदी समोर...

“इथं पप्पा. त्यांची खुर्ची.”

“बसून वाजवतो?”

“तीन वर्षं झाली. गुडघे धरतात ना.”

मास्तर बराच वेळ त्या रेघोट्यांकडे बघत राहिले. भुशातली खुर्ची त्यांना फारच आवडलेली दिसली.

“आणलायस का खोका?”

“रिक्षात आहे. तुम्ही जुना ठेवून घ्याल म्हणून...”

“आण. गिटार पण आण, अँप्लिफायर पण. लग्नात असतात तशी सगळी बटणं लाव. म्हाताऱ्याचं घर म्हणून आवाज चोरू नकोस.”

ग्लेननं सगळं आणून खाली, ओट्याच्या जमिनीवर मांडलं. बटणं लावताना त्याच्या अंगात उत्साह संचारला. खोक्यातली खोट आता मास्तरांच्या कानांवर पडणार होती. कुठली फळी सैल आहे ते ते सांगतील, नवा खोका मांडायला घेतील आणि रविवारपर्यंत सगळं सुरळीत होईल.

तो गिटारचा पट्टा गळ्यात अडकवू लागला.

“तू नाही,” मास्तर म्हणाले. “दे इकडे.”

“तुम्ही वाजवणार?”

“चार कॉर्ड येतात मला. तेवढ्यावर लग्न जमलंय माझं.”

त्यांनी गिटार गळ्यात घातली आणि ग्लेन उभा राहायचा तसे खोक्याच्या बाजूला उभे राहिले. मग हनुवटीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली.

“तिथली खुर्ची घे. खोक्यासमोर, दहा पावलांवर ठेव. आणि बस.”

“मी उभ्यानं ऐकतो मास्तर. मला कळतं उभ्यानं.”

“बस.”

ग्लेन बसला. एखाद्या पाहुण्यानं बसावं तसा, अर्ध्या खुर्चीवर.

मास्तरांनी पहिली कॉर्ड छेडली.

ग्लेनचे डोळे आपोआप मिटले. कानांत कोणीतरी पत्रा फाडत होतं. दुसऱ्या कॉर्डला त्यानं मान वळवली, तिसऱ्याला हात वर केला.

“ट्रेबल कमी करा! मास्तर, ट्रेबल!”

“तुझाच आहे. मी हात लावला नाही.”

“शक्यच नाही. माझा आवाज असा नाही!”

“ऊठ. इथं ये.”

ग्लेन उठून खोक्याशेजारी उभा राहिला. मास्तरांनी तीच कॉर्ड छेडली. आवाज गोल, उबदार, किंचित मऊच. रोजचाच. त्याचा लाडका.

“आता बस.”

तो बसला. पत्रा.

“ऊठ.”

मऊ.

“बस.”

या वेळी मास्तर थांबलेच नाहीत. चारही कॉर्ड वाजवत राहिले, फेऱ्यांवर फेऱ्या, लग्नातलं एखादं अख्खं गाणं होईल इतका वेळ. ग्लेनला उठून जावंसं वाटत होतं. उठता येत नव्हतं. त्याच्या मनात एकच येत होतं की या आवाजात कोणी व्हायोलिन लावायचं कसं, सूर शोधायचा कुठं...

गाणं थांबलं. अंगणात कावळे पुन्हा ओरडायला लागले.

“तो खाली ठेवलेला असतो ना,” ग्लेन हळूच म्हणाला. “धार सरळ समोर जाते. माझ्या गुडघ्यांवरून. मला ती लागतच नाही. मला वाटायचं, मऊ आहे.”

“हं.”

“आणि ते बसलेले...”

“हं.”

ग्लेनचं तोंड एवढंसं झालं. तरी तो लगेच सावरला. सवयच ती, प्रश्न विचारल्याशिवाय त्याला श्वास घेता यायचा नाही.

“मग कोणता घेऊ?”

“हाच. चांगला आहे. मीच ठोकलाय, सात वर्षांपूर्वी. तू तिसऱ्या माणसाकडून विकत घेतलास.”

“तुमचा?” ग्लेननं पहिल्यांदाच खोक्याकडे नीट पाहिलं. “मग बोलला का नाहीत?”

“तू सांगत होतास ना सगळं.” मास्तर हसले. पोराची फजिती बघून त्यांचा जीव सुखावला होता आणि कळवळलाही होता, आणि दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “हे बघ. पुढच्या कडेखाली दोन विटा सरकव. त्याचं तोंड वर कर, तुझ्या तोंडाकडे. आणि पास्कूच्या रेषेतून बाजूला घे.”

“बस, एवढंच?”

“एवढंच. मग ट्रेबल किती ठेवायचा ते तुझं तुला कळेल. मला विचारायला यायला नको.”

ग्लेननं मान हलवली. पण तो खुर्चीवरून उठला नाही. खोक्याच्या काळ्या जाळीकडे बघत राहिला.

तीन वर्षं. दर हंगामात किती लग्नं, किती गाणी. प्रत्येक गाण्यानंतर तो बापाकडे वळून बघायचा, कसं झालं विचारल्यासारखं. आणि पास्कोल त्या खुर्चीतून हसून मान डोलवायचा. एकदाही चुकला नव्हता.

ग्लेनला राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून तो समोरच्यावरच निघाला.

“पण त्यांनी मला सांगायचं तरी! तीन वर्षं मास्तर, तीन वर्षं! एका शब्दानं का बोलले नाहीत?”

मास्तरांनी गिटारचा पट्टा मानेवरून काढला. गिटार हळूच त्याच्या मांडीवर ठेवली आणि तारांवर आपला तळवा दाबून धरला.

...

“सांगत होता रे. तू वाजवत होतास.”