दोर धरणारी मेल्चोरा

चेंडू चामड्याचे असायचे आणि पाण्यात पडला की चेंडूचा धोंडा व्हायचा, त्या काळातली ही गोष्ट. पेरू देशात, ढगांच्या शेजारी म्हणावं इतक्या उंचावर, एक अफाट तळं आहे. त्या तळ्यात तोरानी नावाचं गाव होतं. तळ्याकाठी नव्हे हं, तळ्यात. तोरानीच्या लोकांनी लव्हाळ्याच्या पेंढ्या बांधून तरंगती बेटं केली होती. बेटांवर लव्हाळ्याचीच घरं. आणि सगळ्यांत मोठ्या बेटावर घर एकही नाही, तिथे फुटबॉलचं मैदान! राहायला जागा अपुरी, पण खेळायला ऐसपैस. माणसं वेडी असतात ती अशी.

बेटं वाहून जाऊ नयेत म्हणून ती दोरांनी बांधलेली असायची. दोराचं एक टोक बेटाला, दुसरं तळाच्या गाळात रोवलेल्या खुंटाला. मैदानाला असे नऊ दोर होते आणि नऊही मेल्चोरा विल्का नावाच्या बाईच्या ताब्यात. तिच्या आधी तिची आई दोर बघायची, तिच्या आधी आजी. मेल्चोरा दिसायला किरकोळ होती आणि फार बोलायची नाही, पण तिने मारलेली गाठ कुणाच्या बापाला सुटत नसे. असं म्हणतात, एकदा भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या शाली तिने एकमेकींना बांधून टाकल्या. ती दोघं मरेपर्यंत भांडली, पण वेगळी झाली नाहीत.

आन्सेल्मो हा तिच्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली, म्हणून मेल्चोरा आत्यानेच त्याला वाढवलं. आता तो तिशीचा बाप्या होता आणि तोरानीचा गोलकीपर होता. पुढचं सगळं आपल्याला कळलं ते त्याच्या तोंडून. त्याने पाहिलं तेवढंच मी सांगणार, पदरचं फार घालणार नाही.

त्या देशात फुटबॉलच्या पायऱ्या असतात. सगळ्यांत खाली गावांची लीग. तिथे पहिला येईल त्याला बढती मिळते, तो जातो प्रांताच्या लीगमध्ये. मग त्याच्या वरची पायरी, मग त्याच्याही वरची, असं करत करत थेट राजधानीपर्यंत. तोरानी पन्नास वर्षं पहिल्या पायरीवर बूड टेकून बसलेलं. काठावरची गावं त्यांना बदकं म्हणायची. "बदकांनी पोहावं, चेंडू कशाला हवाय?" असं तोंडावर बोलायची. आन्सेल्मोचा बाप हे ऐकत म्हातारा झाला, आन्सेल्मो हे ऐकत मोठा झाला.

आणि एका वर्षी काय झालं कोण जाणे, तोरानी जिंकायला लागलं. एक सामना, दोन सामने, पाच सामने. काठावरच्यांनी तोंडात बोटं घातली. खरं सांगायचं तर तोरानीच्या लोकांनीही घातली.

आता त्यांची एक रीत होती. लव्हाळं पाण्यात कुजतं, म्हणून बेटावर वरून नवा थर घालावाच लागतो. मैदानावर हा थर घालायचा तो सामना जिंकल्यावर. सगळ्या गावाने ओलं, हिरवं लव्हाळं कापून आणायचं आणि गाणी म्हणत पसरायचं. एरवी वर्षात दोन थर पडले तर नशीब. त्या वर्षी बारा पडले. खालचं कुजायच्या आत वरचं चढत गेलं. मैदान पाण्याच्या वर छातीभर उंच झालं आणि दुपारचा वारा भिंतीवर धडकावा तसा त्याच्या कडेवर धडकायला लागला.

एका म्हाताऱ्या नावाड्याच्या हे लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "मेल्चोराबाई, पुरे आता. हे वारा धरायला लागलंय. दोरांना झेपायचं नाही."

मेल्चोरा हातातली पेंढी पसरत म्हणाली, "दोर माझे आहेत."

बारावा थर तिने स्वतः घातला. तेव्हा ती गात होती. आत्याला गाताना आन्सेल्मोने त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं आणि त्याला ते फार आवडलं. गर्वाचं घर खाली असं आपण पटकन म्हणतो. पण पन्नास वर्षांनी एकदा आलेला गर्व होता तो, त्याला तरी किती बोल लावणार?

शेवटचा सामना वायाकांचा या काठावरच्या गावाशी होता. जो जिंकेल तो वरच्या लीगमध्ये. तोरानीचे गुण जास्त, म्हणून सामना तोरानीच्या मैदानावर. सकाळी लीगचे सेक्रेटरी दोन ओक्ताव्हियो होडीतून आले. (माणूस एकच हं, 'दोन' म्हणजे तिकडचं 'राव'.) काळा कोट, हातात टेप, काखेत नियमांचं पुस्तक. त्यांनी मैदानाची लांबी मोजली, रुंदी मोजली, टाच आपटून पाहिली. टाच आत गेली आणि बूट ओला झाला. त्यांचं तोंड कडू झालं.

"मैदान सामन्यात हलता कामा नये," ते म्हणाले. "हललं तर सामना रद्द, तोरानीचं नाव लीगमधून कायमचं खोडलं जाईल, आणि पाण्यावरच्या गावाला पुन्हा कधी घेणार नाही. हे हलणार नाही याची हमी कोण देतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेल्चोरा पुढे झाली.

"मी देते. शेवटची शिट्टी होईपर्यंत हे मैदान हलणार नाही."

"आणि हललं तर?"

"हलणार नाही म्हटलं ना."

असं म्हणतात, दोन ओक्ताव्हियोंनी आयुष्यात फक्त त्या एकदा कागदाशिवाय कुणाचा शब्द घेतला.

सामना सुरू झाला. तीनशे माणसं आली होती. काही मैदानाच्या कडेला, बाकीची कडेला बांधलेल्या होड्यांत उभी. पोरंबाळं, म्हाताऱ्या, काठावरचे पाहुणे, सगळे खांद्याला खांदा लावून. त्या माणसांच्या भिंतीपलीकडचा काठ आतून कुणाला दिसत नव्हता. बघायचंय कुणाला? पहिल्या अर्ध्यात तोरानीने एक गोल केला. बायकांनी शाली हवेत उडवल्या आणि त्यातल्या दोन तळ्यात गेल्या.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. आन्सेल्मोच्या पाठीशी ऊन आलं. त्याची सावली त्याच्यापुढे पडली होती, मैदानाकडे तोंड करून. मेल्चोरा त्याच्या गोलमागे बसली होती, नवव्या दोराच्या गाठीवर हात ठेवून. वारा वाढला होता. पण दुपारी तिथे वारा वाढतोच.

जरा वेळाने आन्सेल्मोने खाली पाहिलं तर सावली त्याच्या उजव्या हाताला होती. त्याला वाटलं, बराच वेळ गेला वाटतं. मग चेंडू आला, तो त्याने अडवला आणि लाथेने दूर घालवला. पुन्हा खाली पाहिलं. सावली त्याच्या मागे होती आणि ऊन सरळ डोळ्यांत.

सूर्य काही अर्ध्या तासात आकाशभर उडी मारत नाही. सूर्य फिरला नव्हता. मैदान फिरलं होतं. पायाखालची जमीन सरकली असं आपण नुसतं म्हणतो, त्याची खरोखरच सरकली होती. आठ दोरांचे खुंट गाळातून उपटून निघाले होते आणि अख्खं मैदान, तीनशे माणसांसकट, एकट्या नवव्या दोराभोवती गरकन वळलं होतं. तोही खुंट आता तळातून ओढला जात होता.

"आत्या," तो मागे न बघता म्हणाला, "माझी सावली फिरली गं."

"माहीत आहे. तू चेंडूकडे बघ."

माणसांच्या फटीतून त्याला पाणी दिसलं, आणि पाण्यात काळं काहीतरी. त्या तळ्यात म्हातारीचे दात नावाचे खडक आहेत. तिथे गेलेल्या होडीच्या फक्त काड्या परत येतात. गावापासून ते खडक दूर होते. आता ते दूर नव्हते.

"आत्या, ओरडू का?"

"ओरडलास तर पन्नास वर्षं पाण्यात. नाही ओरडलास तर माणसं पाण्यात." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, असं तो सांगायचा. "मी हमी दिलीये ना? मग माझं मी बघते. तू चेंडूकडे बघ म्हणून किती वेळा सांगू?"

कुणी म्हणेल, ओरडायला काय झालं होतं? सामना गेला असता, माणसं तर वाचली असती. खरंय. मीही म्हणतो. पण बदकं, बदकं म्हणून तुम्हाला पन्नास वर्षं कुणी हिणवलेलं नाही, मलाही नाही. आन्सेल्मोने एकदा मान वळवली. आत्या नवव्या दोराचा वेढा स्वतःच्या कमरेला घालत होती आणि नांगराचा मोठा धोंडा तिने छातीशी धरला होता. तेवढ्यात वायाकांचाच्या खेळाडूने चेंडू मारला. आन्सेल्मो झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबावरून बाहेर गेला. तो उठला, मागे वळला. गोलमागे कुणी नव्हतं. दोर तेवढा सरसरत पाण्यात चालला होता.

आणि मग मैदानाला असा हिसका बसला की सगळे भुईसपाट झाले. बावीस खेळाडू, पंच, नियमांच्या पुस्तकासकट दोन ओक्ताव्हियो. कुणी किंचाळलं, "भूकंप!" त्या मुलखात भूकंप नेहमीचाच. लोक क्रूसाची खूण करून उठले, पंचाने गुडघे झटकले आणि शिट्टी वाजवली. अजून एकोणीस मिनिटं राहिली होती.

एकोणीस मिनिटं मैदान बोटभरही हललं नाही. असं म्हणतात, मेल्चोरा तळाच्या गाळात पाय रोवून उभी होती, दोर कमरेला आणि तोंड वाऱ्याकडे. असं म्हणतात, मासे तिच्या पायांभोवती गोळा झाले आणि त्यांनी तिला रेटा दिला. खरंखोटं मासेच जाणोत. आन्सेल्मोला फक्त दोर दिसत होता, तारेसारखा ताणलेला. तो रडत होता आणि चेंडू अडवत होता. पाच वेळा अडवला.

शिट्टी झाली. एक-शून्य. तोरानी वर गेलं! पन्नास वर्षांचा आरडाओरडा एकदम उठला. माणसं नाचली, होड्या हलल्या, कॅप्टनला चौघांनी खांद्यावर घेतलं. आन्सेल्मो एकटाच मैदानाच्या कडेला पालथा पडून पाण्यात बघत होता. आपण सगळे वर नाचतोय आणि आत्या खाली आहे, हे त्याला सांगायचं होतं, पण त्या गोंगाटात ऐकणार कोण?

मग नाचता नाचता कुणाचं तरी लक्ष गेलं. म्हातारीचे दात दहा हातांवर होते. खडकांवर फुटणाऱ्या लाटेचे थेंब तोंडावर उडत होते. एकेकाचे पाय थांबले. मग सगळ्यांना तो एकुलता एक ताणलेला दोर दिसला, आणि मेल्चोरा कुठे दिसत नाही हेही कळलं.

पहिली उडी मारली ती वायाकांचाच्या कॅप्टनने. तो आयुष्यभर बदकांना हसला होता. खाली जाऊन तो वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. खाली काळोख होता, काही दिसेना. दोन्ही संघांनी मिळून दोर ओढला. चाळीस हात लागले, दोर तसूभर वर येईना. खालचं माणूस सोडायलाच तयार नव्हतं.

तेव्हा दोन ओक्ताव्हियो पुढे आले. त्यांचा कोट चिंब होता. त्यांनी खडकांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. मैदान हललं होतं हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"बाईंनी दिलेला शब्द मला आठवतो," ते म्हणाले. "शिट्टी झाली तेव्हा मैदान जागेवर होतं. मी पाहिलं." आणि त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. वायाकांचाच्या कॅप्टननेही ओल्या हाताने केली.

आन्सेल्मो पाण्याशी वाकला. "आत्या, सही झाली गं," तो म्हणाला. "सोड आता."

आणि दोर सैल झाला.

वारा तोवर पडला होता, मैदान खडकांकडे गेलं नाही. त्यांनी दोर हळूहळू वर घेतला. टोकाला कमरेएवढा फास होता, गाठ जशीच्या तशी घट्ट. आत कुणी नव्हतं. तीन दिवस दोन्ही गावांनी तळं चाळून काढलं. मेल्चोरा सापडली नाही.

पुढची हकीकत ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो. वरच्या लीगमध्ये तोरानी अकरा सामने खेळलं आणि अकराही हरलं. वर्षभरात पुन्हा खालच्या पायरीवर आलं. पण त्यांना बदकं मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही.

त्या तळ्याच्या आसपास, पाण्यावर असो की काठावर, आजही एक रीत पाळतात. कुठल्याही संघाला बढती मिळाली की शिट्टी झाल्यावर कुणी नाचत नाही. जिंकलेले आणि हरलेले दोघेही मैदानाच्या कडेला जातात आणि खाली बघतात. तोरानीत पाणी दिसतं. काठावरच्या गावांत धूळ, वाळकं गवत, फार तर शेळीच्या लेंड्या. तरी बघतात.

एकदा राजधानीहून आलेल्या पंचाला हे नवल वाटलं. त्याने जिंकलेल्या कॅप्टनला विचारलं, "इथे तर सगळी जमीन आहे. बघताय तरी काय?"

कॅप्टन म्हणाला, "आपल्यासाठी खाली कोण उभं आहे ते बघतो, साहेब. मग नाचतो."

पंचाने शिट्टी खिशात टाकली, कडेला गेला, आणि तोही खाली बघत उभा राहिला. असं म्हणतात.