बंदरावरची चूल

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही ज्याच्याविषयी नुसतं ऐकलंच असेल अशा काळी, समुद्राकाठी एक राज्य होतं. राज्य लहान, पण राजा हौशी. त्या राज्याला एकच बंदर होतं आणि राजाला त्याचा भारी अभिमान होता.

पावसाळ्यात समुद्र खवळला की बंदर बंद. होड्या वाळूत ओढून घ्यायच्या, वर झावळ्या टाकायच्या आणि गप्प बसायचं. बंदरावर पोती उचलणाऱ्या हमालांना त्या दिवसांत काम नसे, म्हणून राजाने त्यांच्यासाठी एक चूल घालून दिली होती. भामाकाकी नावाची खमकी बाई ती चूल सांभाळी. राजाच्या कोठारातून तांदूळ येई, काकी मोठ्या हंड्यात पेज रटरटवी, आणि हमालांची घरंच्या घरं तिथं जेवत.

पाऊस ओसरला की बंदराचा अधिकारी वाजतगाजत येई आणि समुद्राला नारळ अर्पण करी. नारळ पाण्यात पडला की बंदर उघडलं असं धरायचं आणि त्याच दिवशी चूल विझवायची, ही तिथली जुनी रीत. बंदर उघडलं म्हणजे काम आलं, आणि काम आलं म्हणजे फुकटची पेज कशाला, असा साधा हिशेब होता.

हिशेब ऐकायला बरोबर वाटतो ना? मलाही वाटला होता. पण गेली काही वर्षं काहीतरी बिनसलं होतं. परदेशी गलबतं यायची, नांगर टाकायची, थोडी वाट बघायची आणि माल न उतरवताच शेजारच्या राज्याकडे निघून जायची. हळूहळू काही गलबतांनी यायचंच सोडलं.

शेवटी राजा वैतागला. भरसभेत म्हणाला, "यंदाही गलबतं माघारी गेली तर हे बंदर मी मोडून टाकीन. धक्क्याचे दगड किल्ल्याच्या कामाला तरी येतील."

दगड कुठेही कामाला येतात हो. पण बंदर मोडलं की काठावरची सगळी वस्ती उठणार होती. ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतं, त्यांचं छप्पर जाणार होतं. सभेत मात्र त्या वस्तीतलं कोणी नव्हतं.

त्या सभेत गावोगावचे सभासद बसत. त्यांतला एक होता गोमाजी. तो दूर डोंगरावरच्या गावचा. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. खाण्याचा मोठा शौकीन, त्यामुळे दुपारच्या सभेत तो हमखास पेंगायचा. पण एकदा प्रश्न विचारायला उभा राहिला की उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नसे. म्हणून तो पेंगत असला की अधिकारी खुशीत असत. त्या दिवशी नेमका तो जागा होता.

"महाराज, मला जरा विचारू द्या," गोमाजी उठून म्हणाला. मग बंदराच्या अधिकाऱ्याकडे वळला. "काय हो, बंदर तयार आहे का?"

"तयार म्हणजे? चकचकीत!" अधिकारी छाती काढून म्हणाला. "धक्का दुरुस्त केलाय. दोर नवे आणलेत. दीपस्तंभात तेल भरलंय. काही उणं नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हे मी त्याच्या वतीने सांगतो. माणूस मेहनती होता आणि त्याने खरोखरच सगळं केलं होतं.

"मग गलबतं माघारी का जातात?"

"हमाल जागेवर नसतात. त्याला मी काय करणार? आळशी झालेत लेकाचे."

"बरं. नारळ कधी वाहता?"

"श्रावणातल्या पौर्णिमेला."

"आणि गलबतं कधी येतात?"

"ती वाऱ्यावर अवलंबून. पावसाळी वारा बसला की येतात. महिना तरी जातोच मध्ये."

गोमाजीने पोटावरून हात फिरवला. त्याला पडणारे प्रश्न बहुतेक तिथूनच सुरू होत. "मग त्या महिन्यात हमाल जेवतात काय?"

सभेत हशा पिकला. "याला जेवणाशिवाय काही सुचत नाही," असं कोणीतरी कुजबुजलं. पण बंदराचा अधिकारी हसला नाही. तो जरा गोंधळून म्हणाला, "जेवणाचा विषय माझ्याकडे नाही. तो कोठावळ्यांकडे."

कोठावळे म्हणजे राजाच्या कोठाराचे अधिकारी. बारीक अंगाचे, काटकसरी, तांदळाचा दाणा सांडला तरी वाकून उचलणारे. ते उठले. "बंदर उघडेपर्यंत तांदूळ द्यायचा, असा हुकूम आहे. तेवढा मी देतो. बंदर उघडल्याचं हे कळवतात आणि मी तांदूळ थांबवतो. गलबतांचा विषय माझ्याकडे नाही."

गोमाजी एकदा याच्याकडे पाही, एकदा त्याच्याकडे. "म्हणजे गलबतं यांच्याकडे, तांदूळ तुमच्याकडे, आणि तो मधला महिना कोणाकडे?"

आता कोणी हसलं नाही.

"महाराज," गोमाजी म्हणाला, "आमच्याकडे पेरणीच्या आधी नांगर घासूनपुसून ठेवतात. पण त्याच्याही आधी बैलाला वैरण घालतात. बैल उपाशी ठेवून कोणी नांगराकडे बघत बसत नाही."

कोठावळे चिडले. "उद्या म्हणाल, वर्षभर चूल पेटती ठेवा! फुकट पेज मिळाली तर पोतं उचलेल कोण? पोट भरलेला माणूस झोपतो."

"झोपतो खरा," गोमाजी म्हणाला, "माझ्याएवढं ते कोणाला ठाऊक असणार? पण उठतोही. उपाशी माणूस मात्र निघून जातो."

राजाला कोणाचं खरं मानावं ते कळेना. त्याने हुकूम केला, "तिघंही बंदरावर जा. डोळ्यांनी बघा. चूल विझवायची की ठेवायची, ते कोठावळे ठरवतील. पण कोठावळे, जे ठरवाल त्याचा जाब तुम्हीच द्यायचा."

झालं. पौर्णिमेला तिघंही बंदरावर पोचले. समुद्र बघून गोमाजी इतका हरखला की थोडा वेळ प्रश्न विचारायचंच विसरला. ढोल वाजले, गुलाल उडाला, अधिकाऱ्याने नारळ पाण्यात सोडला. आणि इकडे भामाकाकीने पाण्याची कळशी उचलली आणि चुलीकडे निघाली.

"काकी, काय करताय?" कोठावळ्यांनी विचारलं.

"तुमचोच हुकूम असा न्हय? नारळ दर्यात पडलो काय चूल इजवूची," भामाकाकी म्हणाली. तिने तोंड फिरवलं.

कोठावळ्यांनी वस्तीकडे पाहिलं. घरोघरी गाठोडी बांधणं चाललं होतं. बाबल नावाचा एक दांडगा हमाल दाराला काथ्या गुंडाळत होता. त्याची बायको लेकराला कडेवर घेऊन वाटेवर उभी होती.

"कुठे निघालात?" कोठावळ्यांनी विचारलं. "बंदर तर आत्ताच उघडलं!"

"बंदर उघडला, पण गलबता खंय आसत?" बाबल म्हणाला. "ती येवक अजून म्हयनो जातलो. तवसर पोरांनी काय खावचा? वरच्या गावांनी भातातला तण काढूक नि मगे भात कापूक जातंव. थंय एकदा शब्द दिलो काय कापणी सरासर सुटणा नाय."

"म्हणजे गलबतं येतात तेव्हा तुम्ही भातात असता?"

"होय तर. हौस म्हणान कोण आपला घर सोडता, सायबानू?"

इतकी वर्षं कोठावळ्यांनी हुकमाप्रमाणे वेळच्या वेळी तांदूळ थांबवला होता, आणि त्याबद्दल त्यांना समाधानही वाटत होतं. आता त्यांना लाज वाटली. बंदराच्या अधिकाऱ्याने तर मान खालीच घातली, कारण ज्यांना त्याने आळशी म्हटलं होतं ती माणसं काम शोधायला डोंगर चढायच्या तयारीत त्याच्यासमोर उभी होती.

"काकी, कळशी खाली ठेवा," कोठावळे म्हणाले. "पहिल्या गलबताचं पहिलं पोतं धक्क्यावर उतरेल, त्या दिवशी चूल विझवा. तोवर तांदूळ येत राहील. महाराजांना मी सांगेन."

भामाकाकीने कळशी ठेवली ती आपटूनच. "मगे उभे कित्याक? बसा जेवूक," ती तिघांवर ओरडली. गोमाजीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

गाठोडी सुटली. बाबलने दाराचा काथ्या काढून टाकला. पण तुम्हाला वाटत असेल की लगेच गलबतं आली, तर तसं काही झालं नाही. वारा बसायचं नाव घेईना. दिवस जात होते, कोठारातला तांदूळ उतरत होता, आणि कोठावळ्यांची झोप उडाली होती. रोज ते वाळूवर येऊन उभे राहत आणि समुद्राकडे बघत. हमाल मात्र पेज पिऊन झोपून राहिले नाहीत. कोणी होड्यांच्या फटी बुजवल्या, कोणी धक्क्यावरचं शेवाळ खरवडलं, आणि उरलेल्या वेळात एकमेकांशी मनसोक्त भांडले. माणसं घरी सुखात असली की भांडणारच!

शेवटी वारा बसला. एके सकाळी क्षितिजावर शिडं दिसली. सगळी वस्ती काठावर धावली. पण पुढचं गलबत बंदराकडे तोंड न करता सरळ शेजारच्या राज्याच्या दिशेने चाललं होतं. बाबल कमरेएवढ्या पाण्यात शिरून हात हलवू लागला, पण इतक्या लांबून एक माणूस काय दिसणार?

भामाकाकी मात्र चुलीपाशीच होती. पावसात भिजलेली लाकडं धड पेटत नव्हती, म्हणून ती शिव्या घालत फुंकत होती. चुलीतून धुराचा हा एवढा लोट उठला आणि माडांच्या वर चढला.

आणि बघता बघता त्या गलबताने वळण घेतलं. त्याच्या मागची गलबतंही वळली.

गलबत धक्क्याला लागलं. हमाल तयारच होते. दोर झेलले गेले, फळी टाकली गेली आणि पहिलं पोतं बाबलच्याच पाठीवरून उतरलं. बंदराच्या अधिकाऱ्याने गलबत हाकणाऱ्या तांडेलाला हात देऊन खाली घेतलं आणि हरखून म्हणाला, "आलात! आमचा दुरुस्त केलेला धक्का पाहून वळलात ना?"

म्हातारा तांडेल मोठ्याने हसला.

"धक्का तर दरवर्षी दिसायचा. धक्का काय पोती उचलतो? यंदा इथं थांबायचंच नाही असं ठरवून निघालो होतो. पण धूर दिसला. एवढा धूर म्हणजे मोठा हंडा, आणि मोठा हंडा म्हणजे पुष्कळ माणसं. म्हटलं, आज या बंदरात कोणीतरी आहे."

त्या वर्षी एकही गलबत माघारी गेलं नाही. राजाने किल्ल्यासाठी दगड दुसरीकडून आणले, आणि बंदराची वस्ती जिथल्या तिथे राहिली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: कामाची जागा कितीही सजवली तरी, ते काम करणाऱ्यांची आबाळ होत असेल तर कसलीच तयारी पुरी होत नाही.