दिसणारा दबा

सिनेमावाल्यांना लढाई शिकवायला निवृत्त सुभेदार खाशाबा ढमाले आले, तर दिग्दर्शक दिवेकरांनी दबा धरलेल्या मावळ्यांना खिंडीत झेंडे घेऊन उभं केलेलं!

"साहेब, दिसला तर तो दबा कसला?"

"पडद्यावर जो दिसत नाही, तो लढतच नाही," दिवेकर गुरकावले. "पटत नसेल तर दुपारची एसटी पकडा!"

सुभेदार मिशी कुरवाळत मावळ्यांकडे वळले.

जेवून दिवेकर आपल्या खुर्चीत येऊन टेकले, तर खिंडीत चिटपाखरू नाही. "कुठे मेले सगळे?" ते ओरडले.

तोच खुर्चीभोवतीच्या गवतातून चाळीस मावळे उठले. चाळीस भाले साहेबांवर रोखलेले.

सुभेदार म्हणाले, "दिसले नाहीत खरे, साहेब. पण सापडलं कोण?"