महाराजांचं ‘इन ट्वेल्व्ह’

पिंपळदऱ्याच्या चंद्रसेन महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला की, इंग्रजीत वेळ सांगताना यापुढे ‘इन’ हा एकच शब्द चालेल. ‘ॲट’ आणि ‘ऑन’ बंद!

झालं होतं असं की, वेळेला ॲट, वाराला ऑन आणि महिन्याला इन, हे लेले मास्तरांनी महिनाभर घोकून घेऊनही महाराज पुन्हा चुकले आणि मास्तरांनी त्यांना चारचौघांत टोकलं. महाराज भडकले. एका शब्दाने भागत नाही हे उद्या सूर्यास्तापर्यंत कुणी पटवून द्यावं, नाहीतर मास्तरांनी संस्थान सोडावं, असं त्यांनी बजावलं. वर अट अशी की, महाराज चुकले असं कुणी म्हणायचं नाही.

दरबारी एकेक करून निघून गेले. मास्तर घरी जाऊन सामान बांधू लागले.

ही बातमी मुदपाकखान्यात सगुणेला कळली. ती महाराजांची स्वयंपाकीण. महाराजांची शिकवणी शेजारच्या दिवाणखान्यात चाले. तांदूळ निवडता निवडता ती कान देऊन ऐकते हे पाहून मास्तरांनी तिला केव्हाच बाहेरच्या ओसरीवर बसवून घेतलं होतं. मास्तर जाणार म्हणताच तिला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला महाराजांनी ऐटीत तिला सांगितलं, “लंच इन ट्वेल्व्ह.”

सगुणा मान लववून निघून गेली.

बारा वाजता महाराज पाटावर येऊन बसले. समोर ना ताट, ना वाटी. घटकाभर वाट पाहून त्यांनी सगुणेला बोलावलं आणि जेवण कुठे आहे म्हणून दरडावलं.

“होईल की, महाराज,” ती शांतपणे म्हणाली. “इन ट्वेल्व्ह म्हणजे बारा तासांनी. रात्री आठला पान वाढते.”

“अगं, मला बारा वाजता जेवायचं होतं!”

“त्यासाठी इंग्रजीत एक शब्द होता, महाराज. पण तो कालपासून संस्थानात बंद आहे. हुकूम मोडून जेवायला कशी वाढू?”

महाराज पोटावर हात ठेवून इतके हसले की पाट डगमगला.

“ॲट ट्वेल्व्ह, बाई, ॲट ट्वेल्व्ह! आता तरी वाढ.”

सगुणेने आत खूण केली, तशी वाफाळती पानं बाहेर आली. महाराजांनी मास्तरांना बोलावून शेजारी जेवायला बसवलं. सगुणेला त्यांनी स्वतःच्या हातातलं कडं दिलं आणि उद्यापासून ओसरीवर नाही, दिवाणखान्यात आपल्या बरोबरीने शिकायला बसायचं, असा हुकूम केला.