खांदा विचारणारी साळूबाई

ऐका तर. आडबागेत तेव्हा ना सडक होती ना दवाखाना. पोफळीवरून माणूस पडला की हाक जायची हाडं बसवणाऱ्या साळूबाईला. असं म्हणतात, तिचा अंगठा लागला की मोडलेलं हाड आपणहून जागेवर यायचं.

एकदा तिचा सख्खा भाऊ जनू एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेताना निसटला आणि डाव्या कुशीवर आपटला. उठून बसला की हो! अंगावर ओरखडा नाही. म्हणाला, "अक्का, डावा खांदा तेवढा ठणकतोय. आणि पाणी दे."

साळूबाईनं खांदा चाचपला. हाड धड, सांधा धड. लागलं कुशीला आणि दुखतोय खांदा? तिला काही उमगेना. दुखतं तिथं चोळायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं तेल चोळलं, पाणी पाजलं. जनू पांढराफटक पडत गेला आणि तिच्या हाताखालीच गार झाला.

साळूबाईचं डोकंच चालेना. वर्षभर ती भेटेल त्याला विचारायची, "खांद्यानं माणूस मरतो का रे?" लोक म्हणाले, बाई खुळावली.

मग जनूचा जोडीदार भिवा पडला, तसाच डावीकडे. साळूबाई धावली. "आधी सांग, खांदा दुखतो का?"

"डावा. पण तुला कसं कळलं गो?"

तिनं तेलाची वाटी भिरकावली, पाण्याचा तांब्या हिसकावला. "डोली आणा! बंदरावरच्या डॉक्टरकडं न्या!"

"ओरखडा नाही नि डोली?" लोक हसले.

"मलाही कळत नाही मेल्यांनो, पण उचला!"

असं म्हणतात, त्या दिवशी खाडीनं भरती थोपवून डोलीला वाट दिली.

डॉक्टरनं पोट उघडलं, तर आत डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटून रक्त साचलेलं. भिवा वाचला. डॉक्टरनं साळूबाईला शिकवलं: पडल्यावर डावा खांदा दुखला तर पाणथरी, उजवा दुखला तर यकृत, पोट फळीसारखं कडक झालं तर आतडं. तिनं ते तोंडपाठ केलं. पण पोटातली जखम खांद्यात का ठणकते, हे तिला मरेपर्यंत उमगलं नाही. असं म्हणतात, नुसतं विचारून तिनं शंभर माणसं वाचवली. कुणी कौतुक केलं की ती रडायची.

आजही आडबागेत कुणी पडलं की पाण्याच्या आधी विचारतात, "खांदा दुखतो का?" का विचारायचं, ते निम्म्यांना ठाऊक नाही. आणि पोफळीवर चढणारा प्रत्येक जण डाव्या खांद्याला हात लावून एक नाव घेतो. साळूबाईचं नाही, तिनंच तसं बजावून ठेवलंय. तो म्हणतो, "जनू," आणि मग चढतो.